कीवच्या भुताचा टी-शर्ट

कीवला जायचं तर आगगाडीनं. आता तुम्ही म्हणाल, युक्रेन देशाची राजधानी, आणि तिथं विमान नाही? विमानतळ आहेत ना, चांगले दोन आहेत! पण २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियानं हल्ला केला आणि त्याच दिवशी युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. तिथं डॉक्टर व्हायला गेलेले आपले हजारो विद्यार्थी, त्यात महाराष्ट्रातलेही पुष्कळ, आधी रेल्वेनं, बसनं, काही तर पायी सीमा ओलांडून शेजारच्या देशांत पोचले. मग तिथून ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानांनी घरी आले. तुमच्या ओळखीत असा कुणी ताई-दादा असेल तर त्याला जरूर विचारा. पुढं ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान कीवला गेले, तेही पोलंडहून रात्रभराचा आगगाडीचा प्रवास करूनच.

आपणही तसेच जाऊ या, पण मनानं. मनाला तिकीट लागत नाही.

कीवमध्ये एक मोठा गमतीचा रस्ता आहे. त्याचं नाव आंद्रीवस्की उझ्विज. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण ‘उझ्विज’ म्हणजे साधा चढ किंवा उतार. टेकडीवरच्या जुन्या शहरातून तो नागमोडी वळणं घेत खाली पोदिल या व्यापारी पेठेत उतरतो. फरसबंदी दगडांची, त्यामुळे पावसाळी हवेत जपूनच चालायचं. वरच्या टोकाला संत आंद्रेई यांचं निळं-पांढरं-सोनेरी चर्च, अठराव्या शतकातलं. आणि दोन्ही कडांना चित्रकार, जुन्या वस्तूंचे विक्रेते आणि कपड्यांच्या टपऱ्या.

या टपऱ्यांवर दोरीला दोन प्रकारचे सदरे टांगलेले दिसतात. एक विशिवांका, म्हणजे युक्रेनचा पारंपरिक भरतकामाचा सदरा. गळा, छाती, बाह्या यांवर लाल-काळ्या दोऱ्याची फुली-टाक्याची नक्षी. पोल्तावा भागात तर पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्यानं भरतात. जवळ गेल्याशिवाय नक्षी दिसतच नाही! ही नक्षी नेमकी गळा, मनगट आणि खालची कड इथंच का? तर जुनी समजूत अशी, की वाईट शक्ती शिरते ती कपड्याच्या उघड्या जागेतून. म्हणून तिथं दोऱ्याचा पहारा. मे महिन्यातल्या तिसऱ्या गुरुवारी सगळा देश विशिवांका घालून कामाला आणि शाळेत जातो.

दुसरा प्रकार नवा. युद्ध सुरू झाल्यावर आलेले छापील टी-शर्ट. त्यातलाच एक आपल्याला पाहायचाय. काळं कापड. छातीवर वैमानिकाचं हेल्मेट, प्राणवायूचा मुखवटा आणि डोळ्यांवर काळी काच. मागं दोन शेपट्यांचं मिग-२९ विमान, निळ्या-पिवळ्या झेंड्याचे पट्टे आणि अक्षरं: ‘प्रिविद कियेवा’. म्हणजे कीवचं भूत! कुठं नुसती विमानाची सावली, कुठं खरोखरच पांढरं भूत विमानात बसलेलं. नमुने अनेक, पण बहुतेकांत एक गोष्ट सारखी. वैमानिकाला चेहरा नाही.

यात छपाईवाल्याची सोयही आहे बरं का! टी-शर्टवर जाळीतून रंग दाबून छापतात आणि दर रंगाला वेगळी जाळी लागते. चेहरा छापायचा तर छटा आल्या, जाळ्या वाढल्या, खर्च वाढला. काळ्या कापडावर हेल्मेट काढायला पांढरा रंग पुरतो आणि झेंड्याला दोन. पण चेहरा नसण्याचं खरं कारण निराळंच आहे.

हल्ल्याच्या पहिल्याच दिवशी कीवमध्ये बातमी पसरली, की एका मिग-२९ च्या वैमानिकानं एकट्यानं रशियाची सहा विमानं पाडली. कुणी पाहिला होता तो? कुणीच नाही. म्हणून तो ‘भूत’. पाच विमानं पाडणाऱ्या वैमानिकाला पत्त्यांतल्यासारखा ‘एक्का’ म्हणतात, आणि हे महाशय तर एका दिवसात एक्क्याच्याही पुढं गेले! लोक तेव्हा भुयारी रेल्वेच्या स्थानकांत गाद्या टाकून रात्री काढत होते. कीवचं आर्सेनाल्ना स्थानक जमिनीखाली शंभर मीटरहूनही खोल आहे. तिथं बसलेल्या मुलाला वर आपलं कुणीतरी उडतंय असं वाटणं केवढं मोठं असेल, विचार करा.

पण मग एकेक धागा उसवायला लागला. या भुताचं म्हणून जे चलच्चित्र जगभर फिरलं, ते संगणकावरच्या विमानांच्या खेळातलं निघालं. माजी राष्ट्राध्यक्ष पेत्रो पोरोशेंको यांनी ‘हाच तो’ म्हणून वैमानिकाचा फोटो दिला. तो २०१९ मधला, नव्या हेल्मेटच्या चाचणीचा होता. एप्रिलच्या अखेरीस लंडनच्या एका वृत्तपत्रानं नाव छापलं: मेजर स्तेपान ताराबाल्का. १३ मार्चला लढताना मारला गेलेला खरा वैमानिक. त्याच्या नावावर चाळीस विमानं जमा करून टाकली! शेवटी ३० एप्रिल २०२२ रोजी युक्रेनच्या हवाईदलानंच खुलासा केला. ताराबाल्का आमचा शूर वैमानिक होता, पण तो भूत नव्हे आणि त्यानं चाळीस विमानं पाडलेली नाहीत. कीवचं भूत ही लोकांनी रचलेली दंतकथा आहे. राजधानीचं आकाश राखणाऱ्या चाळिसाव्या ब्रिगेडचे सगळे वैमानिक मिळून ते भूत.

म्हणजे हा टी-शर्ट खोटा? मला विचाराल तर ते चलच्चित्र खोटं होतं आणि न तपासता ते पुढं ढकलणाऱ्यांची चूकच होती. टी-शर्टचं तसं नाही. खुलासा झाला तरी तो दोरीवरून उतरला नाही. फक्त त्याचा अर्थ बदलला. आधी काचेमागं एकाचा चेहरा लपलेला होता, आता अनेकांचा. शिवाय कीवला दंतकथेचं वावडं नाही. क्यी, श्चेक, खोरिव हे तीन भाऊ आणि त्यांची बहीण लिबिद यांनी हे शहर वसवलं आणि थोरल्या क्यीवरून ‘कीव’ नाव पडलं, अशी तिथली गोष्ट आहे. त्यांनाही कुणी पाहिलेलं नाही, पण त्यांचा पुतळा नीपर नदीच्या काठी उभा आहे!

हे कपडे नुसते मिरवायला नव्हते. अनेक विक्रेत्यांनी नफा युद्धातल्या मदतीला देऊ असं सांगितलं. टोरांटोच्या क्रिस्टियन बोरिस यांनी असाच एका वेगळ्या चित्राचा स्टिकर काढला होता, हातात क्षेपणास्त्र घेतलेल्या संतिणीचा. त्यातून पुढं कपडे निघाले आणि दहा लाख डॉलरहून जास्त मदत उभी राहिली. अर्थात सगळेच असे नसतात. कोणत्या टी-शर्टचे पैसे कुठं गेले, हे त्याच्या लेबलावर लिहिलेलं नसतं.

मिग-२९ आपल्यालाही परकं नाही. आपल्या हवाईदलात त्याला ‘बाज’ म्हणतात, नाशिकजवळ ओझरला त्याची मोठी दुरुस्ती होते आणि नौदलाची मिग-२९के विमानं गोव्यात दाबोळीहून उडतात.

त्या चाळिसाव्या ब्रिगेडमध्ये आंद्रेई पिल्श्चिकोव्ह नावाचा मिग-२९ चा वैमानिक होता. सुरुवातीला तो मुलाखती द्यायचा त्याही नाव न सांगता, नुसत्या ‘जूस’ या टोपणनावानं. अमेरिकेत सरावाला गेला असताना हा पठ्ठ्या दारूऐवजी फळांचा रस मागायचा, म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलं. आमची विमानं जुनी झालीत, आम्हाला एफ-१६ द्या, हे तो जगाला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. २५ ऑगस्ट २०२३ रोजी दोन सराव विमानांची हवेत टक्कर झाली. त्यात तीन वैमानिक गेले आणि जूस त्यांतला एक. तो तीस वर्षांचा होता. एफ-१६ विमानं युक्रेनच्या आकाशात दिसली ती पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये.

आणि कर्नल ओलेक्सांद्र ओक्सान्चेंको. युरोपभरच्या प्रदर्शनांत सुखोई-२७ च्या कसरती करणारा, ‘करडा लांडगा’ नावानं ओळखला जाणारा. निवृत्त होऊन घरी बसला होता. युद्धासाठी परत आला आणि २५ फेब्रुवारी २०२२ ला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, कीववरच्या लढाईत मारला गेला. भुताच्या गोष्टीनं जग गाजत होतं, ते नेमके हेच दिवस.

चला, आता उतार पुन्हा चढू या. दम लागेल, हळू चला. वर चर्चपाशी पोचून थोडं पुढं गेलं की मिखाइलिव्स्का चौक लागतो. २०२२ मध्ये तिथं रशियाचे जळके रणगाडे आणून ठेवले होते आणि मुलं त्यांच्याभोवती फिरत असत. पण आपल्याला रणगाडे पाहायचे नाहीत. शेजारी सोनेरी घुमटांचा मठ आहे ना, त्याची बाहेरची लांब निळी भिंत बघा. २०१४ पासून लढाईत गेलेल्या सैनिकांचे फोटो तिथं ओळीनं लावले आहेत. प्रत्येकाला चेहरा आहे, नाव आहे आणि दोन तारखा. भिंतीच्या पायथ्याशी लोक फुलं ठेवून जातात. काही फोटोंखालची पहिली तारीख २००० नंतरची आहे.