ठासणीच्या गजावरील खूण

आमचे मामा यवतमाळ जिल्ह्यातील एका आडगावचे शेतकरी. ज्वारी निसवू लागली की रानडुकरांचा उपद्रव सुरू होई. म्हणून पीकरक्षणाच्या परवान्यावर त्यांनी एक ठासणीची बंदूक बाळगली होती. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बार हवेतच काढीत.

1980 च्या सुमारास, आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना, एका संध्याकाळी मामा ओसरीवर बंदूक भरीत बसले होते. दारू ओतली, बोळा ठासला, छर्रे सोडले, वर दुसरा बोळा बसविला, आणि इतक्यात आम्ही माजघरातून, "मामा, पानं वाढली जी!" अशी हाक मारली. मामा उठले. जेवून परत आले तेव्हा बंदूक भिंतीस टेकलेली होती. आपण नुसतीच तयारी केली होती, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी पुन्हा सर्व भरले. रात्री वावरात नळी फुटली. डाव्या हाताची दोन बोटे गेली.

पुढे पदार्थविज्ञान शिकविताना त्या रात्रीचा अर्थ आम्हांस लागला. वायूस बाहेर पडावयास एकच वाट, आणि तिच्यावर छर्रे ठाण मांडून बसलेले. भार दुप्पट झाला म्हणजे तो हलण्यास विलंब लावतो; दारूही दुप्पट, तेव्हा दाब नळीच्या सोसण्यापलीकडे जातो. परदेशी हौशी लोक रायफलीची काडतुसे घरी भरतात. त्यांचे प्रकरण तर याहून नाजूक. फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएल याने 1884 त सिद्ध केलेल्या बिनधुराच्या दारूचा गुण असा की, दाब वाढेल तसतशी ती अधिक वेगाने जळते. म्हणजे वजनातील थोडी चूक दाबात फार मोठी होते. स्वयंपाकघरातील कुकरात बाहेरच्यापेक्षा साधारण एका वातावरणाइतका दाब अधिक असतो; .303 रायफलीत तो तीन हजार वातावरणांहून अधिक. म्हणून हे लोक मेजावर एका वेळी एकच दारू ठेवतात, आणि गोळी बसविण्यापूर्वी दिव्याखाली प्रत्येक काडतुसात डोकावतात.

मामा अनाडी होते असे मात्र कोणी समजू नये. 1863 साली अमेरिकेत गेटिसबर्गच्या रणांगणावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या, त्यांपैकी सुमारे बारा हजारांत दोन-दोन बार भरलेले आढळले. एकीत तर तेवीस! हे सारे कवायत शिकलेले शिपाई. स्वतःच्या आठवणीवर इतका विश्वास टाकणे, हेच आम्हांस अज्ञानापेक्षा घातक वाटते.

यावरचा उपाय जुन्या शिकाऱ्यांस ठाऊक होता. रिकाम्या नळीत गज किती उतरतो आणि भरलेल्या नळीत किती, याच्या दोन खुणा गजावर कोरून ठेवावयाच्या. गज आत सोडला की बंदूकच आपले खरे सांगते. हात बरा झाल्यावर मामांनी या दोन खुणा चाकूने कोरल्या, आणि त्या आमच्याकडून वाचवून घेतल्या. हाकेविषयी ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. आम्हीही त्यांस पुन्हा दुरून हाक मारली नाही. जवळ जाऊन, हातातले काम संपेपर्यंत, मुकाट्याने उभे राहत असू.