एका वेळी एकच आवाज

तालमीत वस्तादाचा शब्द शेवटचा. जोर मारताना कोपर कुठे हवा, बैठक किती खोल जावी, हे तो सांगतो आणि पोरं ऐकतात. बारबेलच्या शिबिरात मात्र शिकवणारे आम्ही बरेच जण असतो आणि आपापल्या परीने सगळेच बरोबर असतो. खरी अडचण तिथेच असते.

डेडलिफ्टसाठी वाकलेली एखादी कबड्डीपटू मुलगी बघा. बार नडगीला टेकलेला, मुठी आवळलेल्या, श्वास रोखलेला. एक जण म्हणतो, "छाती वर!" दुसरा म्हणतो, "बार अंगाजवळ!" तिसरा, "पायांनी जमीन रेट!" तिन्ही सूचना योग्य, पण तिने तिघांकडे बघायला मान वळवली की श्वास सुटतो आणि ताठ पाठ सैल पडते. म्हणून आमचा नियम आहे, एका वेळी एकच आवाज. बाकीच्यांनी नीट बघायचं आणि दिसलेलं सेट संपल्यावर त्या एकाच्याच कानावर घालायचं.

हा मेळ हातांनाही लागतो. स्क्वॉटमध्ये अडकलेल्याला सावरताना दोन्ही बाजूंच्या मदतनिसांपैकी एकाने घाई केली, तर बार तिरका होतो. स्टँडवरच्या बारच्या एकाच बाजूच्या सगळ्या प्लेट काढल्या, तर तो उलटतो. त्या आळीपाळीनेच काढाव्या लागतात. पुरुषांचा नुसता बारच 20 किलोचा, महिलांचा 15 किलोचा. त्यामुळे डेडलिफ्टला नवख्यांसाठी हलक्या, लहान प्लेट लावल्या की बार जमिनीलगत राहतो आणि पाठ वाकते. तेव्हा प्लेटखाली लाकडी ठोकळे सरकवावे लागतात. ते वेळेवर ठेवणारा दिवसभर फारसं बोलत नाही, पण त्याच्याशिवाय पुढची शिकवणी सुरूच होत नाही.

सगळ्यांत अवघड असतं ते जाणत्या माणसाचं गप्प राहणं. समोर चूक दिसतेय, उपाय ठाऊक आहे, तरी बोलण्याची पाळी सहकाऱ्याची आहे, हे मानायला विश्वास लागतो. तो शिबिराच्या सकाळी अचानक येत नाही. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांसमोर वजन उचलावं, एकमेकांच्या चुका काढाव्यात, कुठल्या चुकीला कोणता शब्द वापरायचा ते ठरवावं, तेव्हा तो येतो.

शिबिर भरवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: फलक आणि टी-शर्ट नंतर छापा, आधी ती संध्याकाळ राखून ठेवा.