खो

गोल्फ या खेळाबद्दल माझं मत कित्येक वर्षं अगदी पक्कं होतं. हा काही खेळ नव्हे! पैसेवाल्यांनी जेवण पचवायला काढलेली युक्ती. ना धावणं, ना दमणं, ना 'बाद, बाद' म्हणून ओरडणं. एवढी मोठी हिरवळ आणि तिच्यावर चार माणसं निवांत चाललेली. आमच्या शाळेला तेवढी जागा मिळाली असती तर दोनशे मुलं खेळली असती, हेच मनात यायचं.

हे मत बदललं ते हॅना ग्रीन नावाच्या एका मुलीमुळे. (गोल्फ खेळणारीचं आडनावही ग्रीन, बघा!) आता ती तशी लहान राहिलेली नाही, पण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि शिक्षिकेला बावीस वर्षांची मुलगी म्हणजे मुलगीच.

२०१९ च्या जूनमध्ये मी पर्थला लेकीकडे होते. आपल्याकडे पावसाळा सुरू होतो तेव्हा तिकडे थंडी असते. एका सोमवारी पहाटे नेहमीप्रमाणे पाचला जाग आली. स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले तर दिवाणखान्यात टीव्हीचा उजेड. जावई पांघरूण गुंडाळून सोफ्यावर बसलेले. मी घाबरलेच, म्हटलं बरं नाही की काय. तर म्हणाले, "आई, या, बसा. आपल्या पर्थची मुलगी आहे. जिंकेल बहुतेक."

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या हेझल्टीन नॅशनल या मैदानावर महिलांच्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेचा शेवटचा दिवस चालू होता. तिकडे रविवारची संध्याकाळ, आमच्याकडे सोमवारची पहाट. चहाचे दोन कप घेऊन मी बसले आणि उठले ती सगळं संपल्यावरच.

जावयांनी मला खेळ समजावून सांगितला, तो तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. अठरा खळगे म्हणजे होल. चार दिवस, रोज अठरा. चेंडू काठीनं मारत मारत खळग्यात घालायचा आणि किती फटके लागले ते मोजायचे. ज्याचे फटके कमी तो पुढे. म्हणजे आमच्या परीक्षेच्या बरोब्बर उलट! वर्षात अशा ज्या पाच मोठ्या स्पर्धा असतात त्यांना 'मेजर' म्हणतात. ही त्यातलीच एक. महिलांच्या जागतिक क्रमवारीत हॅना तेव्हा ११४ वी होती आणि अमेरिकेतल्या मुख्य मालिकेत, एलपीजीएमध्ये, तोवर एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती. तरी पहिल्या दिवसापासून तीच पुढे. शेवटच्या दिवशी तिच्या जोडीला थायलंडची एरिया जुटानुगार्न, जी आधी जगात पहिली होती. मागून येत होती कोरियाची पार्क सुंग-ह्युन, आदल्या वर्षीची विजेती.

मधल्या काही होलवर हॅनाचे फटके वाया गेले. मला वाटलं, झालं, गेली आता. पहिल्या बाकावरच्या मुलीसुद्धा शेवटच्या पेपराला घाबरून सगळं विसरलेल्या मी पाहिल्या आहेत. पण ही सावरली. शेवटच्या होलवर आली तेव्हा फक्त एका फटक्यानं पुढे होती, आणि नेमका तिथेच चेंडू हिरवळीशेजारच्या वाळूच्या खड्ड्यात गेला. तिनं तो वाळूतून उडवून खळग्यापासून पाचेक फुटांवर आणला. पाच फूट म्हणजे किती हो? आपल्या दारातून उंबऱ्यापलीकडच्या रांगोळीएवढं. पण तेवढं अंतर तिला एका फटक्यात पार करायचं होतं, नाहीतर पार्कशी बरोबरी. माझ्या हातातला चहा गार झाला. चेंडू आत गेला आणि जावयांनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की लेक उठून बाहेर आली.

एका फटक्यानं जिंकली. बक्षीस ५,७७,५०० डॉलर. पण मी हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठी नव्हे. त्यानंतर जे दिसलं त्यासाठी.

हिरवळीच्या कडेला चाळिशी ओलांडलेली एक बाई उभी होती. तिनं हॅनाला घट्ट मिठी मारली. मला वाटलं आई असेल. जावई म्हणाले, "नाही आई, ती कॅरी वेब."

मग दिवसभर मी त्यांना आणि लेकीला प्रश्न विचारत राहिले. पुढे स्वतःही बरंच वाचलं. ते थोडक्यात सांगते.

कॅरी वेब उत्तर क्वीन्सलँडमधल्या एअर या गावची. हा सगळा उसाचा मुलूख. आजी-आजोबांनी नातीला लहानपणी गोल्फच्या काठ्या घेऊन दिल्या. गावातल्याच केल्विन हॉलर यांनी तिला शिकवलं. पुढे पक्षाघातानं त्यांचे हातपाय गेले, तरी चाकांच्या खुर्चीत बसून, तिच्या खेळाचे व्हिडिओ पाहून ते शिकवतच राहिले. (हे वाचून मी दोन मिनिटं पुस्तक मिटून बसले होते.) १९९५ मध्ये, विशीत, तिनं ब्रिटिश ओपन जिंकली. त्याच वर्षी मनगटाचं हाड मोडलेलं असताना एलपीजीएच्या पात्रता स्पर्धेत दुसरी आली आणि १९९६ मध्ये, तिथल्या पहिल्याच मोसमात, एका वर्षात दहा लाख डॉलर कमावणारी पहिली महिला गोल्फपटू ठरली. सात मेजर जिंकल्या, शेवटची २००६ मध्ये. तिच्याआधी मेजर जिंकलेली ऑस्ट्रेलियन बाई एकच, जॅन स्टीफन्सन. आणि वेबनंतर तेरा वर्षं कुणीच नाही, थेट त्या पहाटेची हॅना.

ही तेरा वर्षं वेब काय करत होती? खेळत तर होतीच. पण २००८ पासून तिनं आपल्या नावानं एक शिष्यवृत्ती सुरू केली. दर वर्षी ऑस्ट्रेलियातल्या दोन हौशी मुली निवडायच्या. आता शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्याला धनादेश, हार, फोटो आणि संस्थेच्या अध्यक्षांचं लांबलचक भाषण आठवतं. इथे पैशांची मदत आहेच, पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. त्या दोन मुलींना वेब एखाद्या मेजर स्पर्धेला आपल्याबरोबर नेते. एका घरात ठेवून घेते. सकाळी ती किती वाजता उठते, काय खाते, सरावाला किती वेळ देते, हरून आल्यावर जेवणाच्या टेबलावर कशी बसते, हे त्या आठवडाभर बघतात. बस, एवढंच.

ही कल्पना तिला कुठून सुचली असेल, याचं उत्तर मला तिच्याच लहानपणात सापडलं. किशोरवयात एक स्पर्धा जिंकल्याबद्दल ती ग्रेग नॉर्मन या मोठ्या ऑस्ट्रेलियन खेळाडूच्या फ्लोरिडातल्या घरी आठवडाभर राहून आली होती. उसाच्या गावातल्या मुलीनं जगातला एक नंबरचा खेळाडू घरात वावरताना पाहिला. तिला मिळालं ते तिनं पुढे दिलं.

हॅनाला ही शिष्यवृत्ती २०१५ मध्ये मिळाली. त्यानंतर ती व्यावसायिक झाली, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दुय्यम मालिकेत तीन स्पर्धा जिंकली आणि २०१८ मध्ये मुख्य मालिकेत आली. पुढच्याच वर्षी ही मेजर! आणि त्या आठवड्यात ती राहत होती वेबबरोबरच, एकाच घरात. त्या वर्षीच्या शिष्यवृत्तीच्या दोन मुलीही त्याच घरात. त्यातली एक होती अठरा वर्षांची ग्रेस किम. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

त्याच स्पर्धेतली एक छोटीशी गोष्ट. एका लहान मुलीनं हॅनासाठी कविता लिहून तिच्या हातात दिली होती. हॅनानं तो कागद मैदानाच्या टिपणवहीत ठेवला आणि शेवटच्या दिवशी खेळताना मधूनमधून वाचला. आमच्या वर्गातल्या मुलींनी गुरुपौर्णिमेला दिलेल्या चिठ्ठ्या माझ्या गोदरेजच्या कपाटात अजून आहेत, म्हणून ही गोष्ट मला फारच आवडली.

आता माझी गोष्ट.

आमच्या घरातही सगळ्यांना ठाऊक नसेल, पण बी. ए. करताना मी कॉलेजच्या खो-खो संघात होते. विद्यापीठाच्या संघातही एक वर्ष खेळले. त्या संघाचा ढालीसकट काढलेला काळा-पांढरा फोटो माझ्याकडे आहे. नोकरी लागली आणि मी तो ट्रंकेत टाकला. तेव्हा बाईंनी कसं असावं याची एक कल्पना होती. पदर दोन्ही खांद्यांवरून, आवाज बेताचा, हातात हजेरीपट. मी मराठी आणि इतिहास शिकवायची. खेळाच्या तासाला पीटीचे सर असायचे. मी सूर मारून गडी बाद करत असे, हे एकाही विद्यार्थिनीला कधी सांगितलं नाही. कुणी मना केलं होतं असंही नाही. मलाच ते शोभत नाही असं वाटायचं.

ऐंशीच्या दशकात नववीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. खो-खोत ती पळायला लागली की चार-पाच मिनिटं कुणाच्या हाती लागायची नाही. तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. बाहेरगावी दोन रात्री राहायचं होतं. वडील नको म्हणाले. आई शाळेत आली, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणाल तसं करू."

बाई म्हणाल्या, "पुढचं वर्ष दहावीचं आहे."

एवढंच म्हणाले मी. खोटं नव्हतं त्यात काही. मुलगी गेली नाही. दहावी झाली, बारावी झाली, लग्न झालं. संसार चांगला चालला आहे, तक्रार काही नाही.

२०१६ मध्ये ती तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आली. तो जुना फोटो तोवर माझ्या मुलानं ट्रंकेतून शोधून, चौकट करून भिंतीवर लावला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "बाई, या तुम्ही?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "कधी बोलला नाहीत." आवाजात राग नव्हता. मी चहा करायला आत गेले.

खो-खो खेळलेल्यांना माहीत असेल, पाटीवर बसलेला गडी कितीही तयारीचा असला तरी आपणहून उठू शकत नाही. मागून कुणीतरी येऊन खो द्यावा लागतो. तो मिळाला नाही तर डाव संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं. त्या पहाटे पर्थमध्ये ती मिठी पाहिली तेव्हा मला हेच आठवलं. वेबनं खो दिला होता. मी दिला नव्हता. माझ्याकडे तिला द्यायला ना पैसे होते, ना ओळखी, पण एक फोटो होता. तिच्या आईला दाखवून नुसतं म्हणायचं होतं, "मीही गेले होते अशी. काही होत नाही."

हॅना पुढे खूप खेळली. २०२२ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातच मरे नदीकाठच्या एका स्पर्धेत पुरुष आणि बायका एकाच तक्त्यात खेळत होते, तीही हिनंच जिंकली. मोठ्या मालिकेतली अशी ७२ होलची संमिश्र स्पर्धा जिंकणारी ती पहिली बाई. २०२४ मध्ये एलपीजीएच्या तीन स्पर्धा जिंकल्या. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. तिथे ऑस्ट्रेलियन महिला संघाची कर्णधार म्हणून कोण होतं? कॅरी वेब.

आणि २०२५ च्या जूनमध्ये हॅनानं जिंकलेलीच मेजर पर्थच्याच मिनजी लीनं जिंकली. तीही वेबच्या शिष्यवृत्तीतलीच. पुढच्याच महिन्यात फ्रान्समधली एव्हियन ही मेजर. तिथे शेवटच्या होलवर बरोबरी झाली, मग जादा होल. पहिल्याच जादा होलवर एकीचा चेंडू थेट पाण्यात. दंडाचा फटका सोसून तिनं पुढचा फटका लांबून सरळ खळग्यात घातला, आणि त्याच्या पुढच्या होलवर जिंकली. जावयांचा निरोप व्हॉट्सॲपवर आला: "आई, त्या घरातली आणखी एक!"

ग्रेस किम.

तो निरोप वाचून मी माझ्या त्या विद्यार्थिनीला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण नीट बोलता आलं नाही. म्हटलं, "तुला तेव्हा पाठवायला हवं होतं गं. मी चुकले." ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाई, दारात कुणीतरी आलंय, संध्याकाळी करते." मला वाटलं टाळलंन.

पण संध्याकाळी खरंच फोन आला. म्हणाली, "बाई, तो फोटो पाठवाल का मला? नात मोठी होतेय, दिवसभर पळत असते. तिला दाखवीन."

लगेच पाठवला. फोटोत डावीकडून तिसरी मी. दोन वेण्या, आणि गुडघ्याला चिंधी बांधलेली.

असो. बरंच लांबलं. तुमच्याही ट्रंकेत असं काही पडलं असेल तर काढून ठेवा, मंडळी. घरातल्या मुलींना दिसेल असं.