गळका ब्युरेट

आमच्या घराण्यात एक दंतकथा आहे. मी डॉक्टर का झालो नाही, या प्रश्नाचे उत्तर म्हणून गेली पन्नासहून अधिक वर्षे ती सांगण्यात येते. सांगणारा अर्थातच मी. कथा अशी : १९७१ साली मी इंटर सायन्सला होतो. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात माझ्या वाट्याला जो ब्युरेट आला तो गळका निघाला. थेंब थेंब करीत माझे मार्क गळून गेले आणि मेडिकलचा प्रवेश दोन मार्कांनी हुकला. म्हणून मी बँकेत लागलो.

ही कथा मी हिला पाहायला गेलो तेव्हा भावी सासऱ्यांना सांगितली होती. ते इतके हळहळले की त्यांनी कांदेपोह्यांची दुसरी बशी आपल्या हाताने माझ्यापुढे ठेवली. पुढे मुलांच्या प्रत्येक निकालाच्या दिवशी मी तिची उजळणी करीत आलो. वय वाढते तशी कथाही वाढते. दोन मार्कांचा एक मार्क झाला आणि ब्युरेटला थेंबांच्या जागी बारीकशी धार लागली.

आता प्रस्तुत प्रसंगाकडे वळतो. आमचे चिरंजीव केंद्र सरकारच्या नोकरीत असल्यामुळे दर तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. त्यांची मुलगी चिंगी (हे नाव बाहेर उच्चारायचे नाही अशी मला सक्त ताकीद आहे) साहजिकच सी.बी.एस.ई.त शिकली, कारण गाव बदलले तरी ते पुस्तक काही बदलत नाही. अकरावीच्या तोंडावर पुन्हा बदली आली तेव्हा, 'आता पोरीचे हाल नकोत' म्हणून तिला आमच्याकडे पुण्याला ठेवले. बारावी सुरू झाली आणि सौ.ने कामाची वाटणी जाहीर केली.

"फिजिक्सला क्लास आहे, गणिताला क्लास आहे. केमिस्ट्रीचं तेवढं तुम्ही बघा. तुमचा तो विषय होता ना?"

होता खरा. नातीपुढे 'होता' या शब्दावर फार जोर देता येत नाही. मी चष्मा पुसला आणि तिचे पुस्तक उघडले. एन.सी.ई.आर.टी.चे पुस्तक दोन भागांत, एकूण धडे दहा. दहाच? मला हायसे वाटले. मी म्हटले, "चल, लोखंड कसं काढतात ते सांगतो. झोतभट्टी. वरून खनिज, कोक आणि चुनखडी..."

"आजोबा, ते डिलीट झालंय."

"बरं, मग गंधकाम्ल तयार करण्याची रीत?"

"तेही डिलीट."

२०२२ साली त्यांनी अभ्यासक्रमाला कात्री लावली आणि धातू काढण्याच्या रीती, गंधकाम्ल-नत्राम्लाचे सगळे घराणे, पॉलिमर, घनस्थिती असे धडे बाहेर काढले. विद्यार्थ्यांचा भार हलका व्हावा म्हणून. माझ्या डोक्यात अर्धे शतक टिकून राहिलेला भाग त्यांनी नेमका कसा शोधून काढला, कोण जाणे. मी शेवटचे अस्त्र म्हणून मेंडेलेव्ह काढला. या रशियन प्राध्यापकाने १८६९ साली मूलद्रव्यांचा तक्ता मांडला आणि एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी, न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी घरे मोकळी ठेवली. त्यांना नावेही दिली : एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. हे 'एका' म्हणजे आपले संस्कृत 'एक' बरं का! १८७५ साली गॅलियम आले, १८८६ साली जर्मेनियम आले आणि दोघेही मुकाट्याने आपापल्या रुमालावर बसले. चिंगीने हे मन लावून ऐकले. शेवटी म्हणाली, "मस्त आहे. पण हा अकरावीचा पोर्शन."

मग माझी नेमणूक निव्वळ ऐकणारा म्हणून झाली. पहाटे पाचला उठून चहा करायचा, पुस्तक हातात धरायचे आणि ती म्हणेल ते ताडून पाहायचे. यात सगळ्यांत जास्त वेळ नावाच्या रिॲक्शन्स खातात. कार्बनी रसायनशास्त्र म्हणजे एखाद्या मोठ्या लग्नाची आमंत्रणयादी आहे. सँडमायर, फिंकेलस्टाइन, विल्यमसन, क्लेमेन्सन, रोझेनमुंड. एकही नाव आपल्या आळीतले नाही. शिवाय हेल-फोल्हार्ड-झेलिन्स्की ही एकच रिॲक्शन असून माणसे तीन आहेत, हे कळायला मला आठवडा लागला. मी त्यांची तीन वेगळी उत्तरे मागत होतो.

त्यातल्या त्यात मला कॅनिझारो आवडला. अल्फा हायड्रोजन नसलेले अल्डिहाइड घ्या आणि तीव्र अल्कलीत टाका. त्याच्या दोन रेणूंपैकी एकाचे ॲसिडचे मीठ होते आणि दुसऱ्याचे अल्कोहोल. एकाच घरातले, एकाच परिस्थितीत वाढलेले दोघे. एक आंबट निघाला, एक दारूकडे वळला. मी म्हटले, "हे तर आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात मी डोळ्यांनी पाहिलंय." सौ. आतून म्हणाली, "नावं घेऊ नका."

सौ.चे स्वयंपाकघरातून अधूनमधून मार्गदर्शन चालूच असे. तापमान दहा अंशांनी वाढले की पुष्कळशा रिॲक्शन्सचा वेग साधारण दुप्पट होतो, हे चिंगी घोकत असताना ती म्हणाली, "म्हणून तर डिसेंबरात इडलीचं पीठ फुगत नाही. मी ते डबा पांघरुणात गुंडाळून ठेवते. यात पाठ काय करायचंय?"

या नव्या परीक्षेत 'विधान आणि कारण' नावाचा एक प्रकार असतो. एक विधान देतात, खाली एक कारण देतात. दोन्ही बरोबर असून कारण त्या विधानाला लागू पडत असेल तर 'ए'. दोन्ही बरोबर, पण एकमेकांशी संबंध नसेल तर 'बी'. विधान बरोबर आणि कारण चूक असेल तर 'सी'. विधानच चूक पण कारण बरोबर असेल तर 'डी'. प्रश्न एका मार्काचा, पण संसारात इतका उपयोगी दुसरा प्रश्न मी पाहिला नाही. 'मी भाजी आणली नाही. कारण पाऊस होता.' सौ. लगेच म्हणते, "बी."

असे सगळे बरे चालले होते. डिसेंबरात शाळेने बोर्डाच्या आधीची सराव परीक्षा घेतली. लेखी पेपर सत्तर मार्कांचा, प्रात्यक्षिक तीसचे. त्यातले आठ टायट्रेशनचे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी चिंगी घरी आली ती सरळ खोलीत गेली. जेवली नाही. रात्री मी दूध घेऊन गेलो, तर म्हणाली, "आजोबा, माझं टायट्रेशन बिघडलं. गुलाबी यायला हवं होतं, ते ब्राऊन झालं."

"चहासारखं?" मी म्हणून गेलो.

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

मी दुधावरची साय बघत राहिलो. ती पुढे म्हणाली, "मग मी शेजारच्या मुलीचं रीडिंग लिहिलं. सगळेच लिहितात. बोर्डालासुद्धा नाही जमलं तर तसंच करीन. तुमच्यासारखा ब्युरेट गळका निघाला तर आपण काय करणार?"

आता वाचकहो, इथे मला गप्प बसता आले असते. पन्नास वर्षे जमले, आणखी एक रात्र जमली असती. पण 'तुमच्यासारखा' हा शब्द कुठेतरी रुतला. मी म्हटले, "एक विधान-कारण सोडव. विधान : आजोबांचं मेडिकल हुकलं. कारण : ब्युरेट गळका होता."

"ए," ती म्हणाली.

"सी," मी म्हणालो.

मग सगळे सांगितले. ऑक्झॅलिक ॲसिडचे द्रावण पिपेटने फ्लास्कमध्ये घेतले, साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवले, ब्युरेटमध्ये जांभळेगर्द पर्मँगनेट भरले. हे द्रावण इतके गडद की त्याची पातळी इतरांसारखी खालच्या कडेवर न वाचता वरच्या कडेवर वाचायची, हेसुद्धा आठवले. फक्त फ्लास्कमध्ये सौम्य गंधकाम्ल घालायला विसरलो. ते नसले की पर्मँगनेटचे काम अर्ध्यावर अडते आणि मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येतो. ब्युरेट उत्तम होता. वेळ वीस मिनिटे उरला होता. पुन्हा करता आले असते. पण माझे हात कापत होते. मी मान वळवली, शेजारच्याचा आकडा उतरवला आणि उरलेला वेळ आकृती रंगवीत बसलो. प्रत्येकाला दिलेल्या द्रावणाची तीव्रता वेगवेगळी आहे, हे बाहेर आल्यावर कळले.

चिंगी बराच वेळ बोलली नाही. नंतर हळूच म्हणाली, "मीपण ॲसिडच विसरले."

दारात सौ. उभी होती, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मी चाचरत म्हणालो, "तुला हे कधी सांगायचं राहूनच..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तो शेजारचा आपल्या लग्नाला आला होता. त्यानंच सांगितलं, 'वहिनी, ह्यानं माझाच आकडा उतरवला.'"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आता काय बोलायचं! बाबा पोह्यांची दुसरी बशी देऊन बसले होते."

दुसऱ्या दिवसापासून घरात एक नवा परवलीचा शब्द सुरू झाला. चिंगी बुटाची नाडी बांधत असताना मी विचारायचे, "ॲसिड?" तिने म्हणायचे, "घातलं." सौ.ने मला विचारायचे, "आणि चहात साखर?"

जानेवारीत बोर्डाचे प्रात्यक्षिक झाले. बाहेरचे परीक्षक येणार म्हणून मी सकाळपासून अस्वस्थ होतो. पेपर दोनदा वाचला, दोन्हीदा उलटा धरून असे सौ.चे म्हणणे आहे. दुपारी चिंगी आली. चपला काढता काढता म्हणाली, "आजोबा, तुमचा विश्वास बसणार नाही. ब्युरेट गळत होता."

मी तिच्याकडे पाहिले. सौ.ने माझ्याकडे पाहिले.

"खरंच! तोटीपाशी, थेंब थेंब. हात वर केला, सरांना दाखवला. त्यांनी बदलून दिला. पाच-सात मिनिटं गेली त्यात."

"आणि ॲसिड?"

"घातलं. तीन रीडिंग्ज घेतली. पहिलं वाया गेलं, पुढची दोन तंतोतंत जुळली. फिक्का गुलाबी, इतका फिक्का की खाली पांढरा कागद ठेवून बघावा लागला."

सौ.ने काही न बोलता पोह्यांची बशी तिच्यापुढे ठेवली. चिंगीने ती संपवली, बोट चाटले आणि बशी पुढे करून म्हणाली, "आजी, दुसरी?"