रमाबाईंच्या शंका, रमाबाईंची प्रार्थना

प्रार्थना करताना मनात शंका आली, की कितीतरी ख्रिस्ती भाविकांना अपराध्यासारखं वाटतं. उत्तर मिळालं नाही तर आपलाच विश्वास कमी पडला, असं ते धरून चालतात. अशांनी पंडिता रमाबाईंचं आयुष्य जरूर पाहावं. त्यांच्या शंका बाप्तिस्म्यानंतरही बरीच वर्षं टिकल्या आणि त्यांनी त्या कधी लपवल्या नाहीत.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत. पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला होता. पुढे दुष्काळ पडला. व्रतं झाली, उपास झाले, गाठीला होतं ते देवाधर्मात गेलं. पण भूक काही टळली नाही. काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडं, रमाबाई आणि त्यांचा भाऊ, देशभर पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली, तोवर जुनी श्रद्धा डळमळली होती.

तिथेच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. खोलीत टेबलं, खुर्च्या, कोच, दिवे, सगळंच नवं. माणसं डोळे मिटून खुर्च्यांसमोर गुडघे टेकत होती. ही खुर्च्यांचीच पूजा असावी, असं दोघांना वाटलं. भेट मिळालेलं संस्कृत बायबलही उलगडेना. त्यातलं संस्कृत त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

१८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पदरात तान्ही मनोरमा.

पुढे त्या मुलीसह इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. इथे गोष्ट संपली असती, तर ती नेहमीसारखीच ठरली असती. पण रमाबाईंचे प्रश्न आता कुठे धारदार होऊ लागले होते. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. चर्चच्या अधिकाराबद्दल तर त्यांनी मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट कळवलं, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान घालायची त्यांची तयारी नाही. हा पत्रव्यवहार आजही वाचायला मिळतो. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंका मनापासून ऐकल्या आणि बरोबरीच्या नात्यानं उत्तरं लिहिली. नव्या विश्वासणाऱ्याला असा एक माणूस भेटणं फार मोलाचं असतं.

बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, भारतात परतून विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाचं काम सुरू असताना, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त नाही, हे रमाबाईंना जाणवलं. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी हे उघडपणे मांडलं. तोवर त्या जगभर नावाजल्या होत्या, तरी हे कबूल करताना त्या कचरल्या नाहीत. आपण आहोत तसं, काहीही मिळवून न दाखवता, ख्रिस्तापुढे यायचं, हे उमगल्यावर त्यांची प्रार्थना बदलली.

तिचा कस केडगावात लागला. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुलीबायका आणल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये रोजच्या धान्यासाठी गुडघे टेकले जात. तसंच विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले आणि छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले. मागणं देवापाशी आणि काम आपल्या हातांनी, यात त्यांना विरोध दिसला नाही.

शंकेसह केलेली प्रार्थना बायबलमध्येही आहे. मार्काच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, आजारी मुलाचा बाप येशूपुढे येतो. आपण विश्वास ठेवतो असं सांगतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासावर मदतही मागतो. येशू त्याला परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो.

म्हणून घरात किंवा संडे स्कूलमध्ये एखादं मूल 'प्रार्थना ऐकतं तरी कोण?' असं विचारेल, तेव्हा त्याला गप्प करू नका. प्रश्न पुरता ऐका. तुमच्याकडे उत्तर नसेल तर तसं सांगा आणि रमाबाईंची साक्ष त्याच्या हाती द्या. ती छोटी आहे, एका बैठकीत वाचून होते.