तळाचा वाचला, त्याच्या वरचा बुडाला

फुटबॉल लीगचा हिशेब सोपा असतो. जो वर, त्याला चषक. जो तळाला, तो खालच्या डिव्हिजनमध्ये. यालाच रेलिगेशन म्हणतात. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये मात्र हा हिशेब उलटा झाला, आणि ज्याच्यासाठी झाला तो संघ आपल्या पुण्याचा होता. आज कुठेही आयएसएल आणि रेलिगेशनचा वाद निघाला की मला तोच मोसम आठवतो. पोस्ट लांब आहे, पण चहा घेऊन बसा, वाचण्यासारखी गोष्ट आहे.

त्या वर्षी लीगमध्ये नऊ संघ होते. आठवा आला मिझोरमचा ऐझॉल एफसी. नववा, म्हणजे शेवटचा, आला पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. आता सांगा, खाली कोण गेलं?

ऐझॉल!

कारण डीएसकेला कॉर्पोरेट कोट्यातून थेट प्रवेश मिळाला होता, आणि अशा संघाला सुरुवातीच्या काळात रेलिगेशन लागू नव्हतं. ऐझॉल मात्र २०१५ मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून, एकेक पायरी चढून वर आला होता. चढून आलेल्याला उतरवलं आणि लिफ्टने आलेला वरच राहिला.

ऐझॉल म्हणजे कोण, तर १९८४ चा क्लब. आय-लीगमध्ये पोहोचलेला मिझोरमचा पहिलाच. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरम राज्याची लोकसंख्या ११ लाखांच्या आत होती. आपल्या एकट्या पिंपरी-चिंचवडची १७ लाखांच्या वर. म्हणजे आपल्या एका महापालिकेपेक्षा लहान राज्याने एक संघ वर पाठवला, आणि आपण त्याच्या वाट्याची जागा नियमाच्या कागदावर अडवून बसलो.

मी त्या काळात बालेवाडीला मॅच बघायला जायचो. एवढं मोठं स्टेडियम, आणि माणसं किती, तर बोटावर मोजता येतील अशी नसली तरी नजरेने मोजता येतील इतकीच. वरच्या रांगांमध्ये कबुतरं. ईशान्येकडची पोरं पुण्यात शिकायला असतात, त्यांच्याकडचा संघ आला की ती घोळक्याने यायची. पूर्ण ९० मिनिटं गाणी, टाळ्या. घरचा संघ कोणता आणि पाहुणा कोणता, हे आवाजावरून ओळखायला सांगितलं असतं तर कुणीही चुकीचंच उत्तर दिलं असतं.

बरं, लीग संपली, ऐझॉल खाली गेला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण लगेच फेडरेशन कप होता. लीगमधले पहिले आठ संघ त्यात, म्हणजे आठव्या नंबरचा ऐझॉलही होता. पहिलाच सामना कुणाशी? लीग चॅम्पियन बेंगळुरू एफसीशी. दोन लेगची लढत होती, घरी एक आणि परक्या मैदानावर एक. रेलिगेट झालेल्या संघाने चॅम्पियनला बाहेर काढलं. सेमीफायनलला समोर स्पोर्टिंग क्लब द गोवा. तोही बाहेर. फायनल २१ मे २०१६ ला गुवाहाटीत, समोर मोहन बागान. तिथे मात्र ०-५. बागानकडून गोल करणाऱ्यांमध्ये जेजे लालपेखलुआ होता, तो स्वतः मिझोरमचाच. म्हणजे घाव घालणाराही घरचाच.

पाच गोल खाल्ले हे खरं. पण देशातल्या मोठ्या कपची फायनल आणि रेलिगेशन, दोन्ही एकाच मोसमात. ज्यांना तुम्ही वरच्या लीगच्या लायकीचे नाही म्हणून खाली पाठवलं, त्यांनीच तुमच्या चॅम्पियनला हरवून दाखवलं. यापेक्षा वेगळं उत्तर काय देणार कुणी?

पुढे गोव्यातून बातमी आली. आयएसएलला देशाची पहिली लीग करायची आणि आय-लीगला खाली ढकलायचं, असा आराखडा फेडरेशनने मांडला होता. त्याच्या निषेधात २०१६ च्या जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली. मग धेंपोनेही सोडली. ज्या गोव्याने पिढ्यान् पिढ्या देशाला खेळाडू दिले, तिथले तीन क्लब मैदानावर न हरता बाहेर पडले. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत घेतलं गेलं. एकाचं दुःख दुसऱ्याची संधी झाली. यात ऐझॉलचा दोष काही नाही, पण गोव्यातल्या फुटबॉलवेड्या माणसाला हे आजही बोचतं, आणि बोचायलाच पाहिजे.

आता मुंबईकडे या. खालिद जमील हे नाव आज सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. २०१६ मध्ये चित्र वेगळं होतं. मुंबई एफसी सात मोसम सांभाळून ते तिथून बाहेर पडले होते. मोठं बजेट त्यांच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. लीगमध्ये टिकवायचा संघ, जिंकवायचा नाही, अशीच त्यांची ओळख. त्यांना बोलावलं ऐझॉलने. आशुतोष मेहता, जयेश राणे असे मुंबईच्या मैदानांवर वाढलेले खेळाडू त्या संघात होते. बाकी बरीच पोरं मिझोरमचीच.

मग जे झालं ते कुणी लिहून दिलं असतं तर आपण म्हणालो असतो, जरा जास्तच होतंय. २२ एप्रिल २०१७ ला ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवलं. वर्षभरापूर्वी ज्यांनी पाच घातले, तेच बागान. ३० एप्रिलला शिलाँगला लाजाँगविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. आधी गोल खाल्ला, मग विल्यम लालनुनफेलाने तो फेडला. १-१. ऐझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्य भारतातला कुठलाही क्लब याआधी देशाचा लीग चॅम्पियन झाला नव्हता. बारा महिन्यांपूर्वी रेलिगेट केलेला संघ झाला!

आणि त्याच मोसमात तळाला कोण होतं? मुंबई एफसी. तो खाली गेला, आणि त्यानंतर बंदच पडला.

मला बोलायचंय ते यावर.

नियमाने वाचवलेल्या डीएसके शिवाजीयन्सचं काय झालं? आणखी एक मोसम खेळला आणि २०१७ मध्ये संपला. त्याच्या आधी पुण्यातलाच भारत एफसी थेट प्रवेशाने आला, एक मोसम खेळून गेला. पुणे एफसी खालून चढून आला होता, २०१२-१३ ला लीगमध्ये दुसरा आला होता. २०१५ मध्ये तोही बंद. एफसी पुणे सिटी आयएसएलमध्ये होता, तिथे तर रेलिगेशनच नव्हतं. २०१९ मध्ये गुंडाळला. मोजा. पाच वर्षांच्या आत एका शहरातून चार संघ. आणि मुंबईत याआधी महिंद्रा युनायटेड, ज्याने २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकली होती. २०१० ला कंपनीने ठरवलं, संघ संपला.

यातल्या एकालाही रेलिगेशनने मारलं नाही. मुंबई एफसी खाली गेला हे खरं, पण खाली गेलेला संघ परत वर येऊ शकतो, ऐझॉलने ते करून दाखवलं. बंद पडलेला येत नाही. संघ मेले ते ऑफिसातल्या निर्णयाने. आणि ते मेले तेव्हा रस्त्यावर कोण उतरलं? कुणीच नाही. कारण ते आपले कधी झालेच नव्हते.

गुंतवणूकदारांचं म्हणणं मी ऐकलंय. ते म्हणतात, कोट्यवधी घालायचे तर निदान सुरुवातीची काही वर्षं खाली जायची भीती नको, नाहीतर पैसा कोण लावणार? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. नव्या संघाला मूळ धरायला वेळ लागतो. पण तो वेळ कशासाठी वापरला, हे विचारायला नको का? पेठेत, वस्तीत, शाळेत जाऊन माणसं जोडली का? पोरांना मोफत आत सोडलं का? निदान स्टेडियमपर्यंत बसची सोय केली का? भीती काढून घेतली की घाईही जाते, आणि घाई गेली की लोकांची गरजही वाटेनाशी होते. डीएसके शेवटचा आला आणि काहीच बिघडलं नाही. ऐझॉल आठवा आला आणि त्यांचं सगळंच पणाला लागलं. म्हणून पुढच्या महिन्यात कोण कसं खेळलं ते आपण पाहिलं.

उलट बाजू बघायची तर कोल्हापूरला जा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच असू दे, जागा मिळत नाही. तालमींचे संघ, पेठांची भांडणं, दोन दोन पिढ्यांचे समर्थक. तिथून अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला खेळला. पण पुरुषांच्या देशपातळीवरच्या वरच्या लीगमध्ये कोल्हापूरचा संघ कधी दिसला नाही. पुण्यात संघ होते, माणसं नव्हती. कोल्हापुरात माणसं आहेत, संघाला वर जायचा रस्ता नाही. दोन्ही गोष्टी एका जागी आल्या की काय होतं, ते मिझोरमने दाखवलं.

रस्त्याचंच बघा. २०१७ ला चॅम्पियन ऐझॉल असताना आयएसएलमध्ये नव्या दोन जागा निघाल्या, त्या बेंगळुरू आणि जमशेदपूरला मिळाल्या. ऐझॉलने मागणी केली, उपयोग झाला नाही. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये चढण्याचा मान पहिल्यांदा मिळाला तो २०२३ मध्ये, पंजाबच्या संघाला. वर जायचं दार उघडायला आयएसएल सुरू झाल्यापासून नऊ वर्षं लागली. आयएसएलमधून मैदानावरच्या निकालामुळे खाली मात्र २०२५ पर्यंत कुणी गेलं नव्हतं.

म्हणून मंडळी, कुणी म्हणालं की रेलिगेशन आणलं तर क्लब मरतील, तर त्यांना पुण्याची यादी वाचून दाखवा. आपल्याकडे अभय असलेलेच क्लब मेलेत.

आणि आपल्या हातात काय, तर जवळच्या मैदानावर जाणं. जिल्हा लीग असेल, तालमीची मॅच असेल, कंपन्यांची स्पर्धा असेल. पोरांना घेऊन जा. मैदानावर लग्नाचे मांडव आणि पार्किंग होत असेल तर नगरसेवकाला नाव घेऊन विचारा. तुमच्या भागात कुठला क्लब अजून तग धरून आहे, मॅच कधी आणि कुठे असते, ते खाली कमेंटमध्ये लिहा. मी यादी करतोय, सगळ्यांना पाठवतो.