पाय टेकण्यापुरती उंची

माझी उंची 5 फूट 2 इंच, वजन 52 किलो. दादाची हिमालयन मोटरसायकल 411 सीसीची. तिची सीट जमिनीपासून 800 मिमी वर आणि वजन 199 किलो. दादाला पिथमपूरला नोकरी लागली, गाडी चांदनीत घरीच राहिली. मी बँकमित्राचं काम धरलं, तेव्हा बाबा म्हणाले, "गाडी उभी राहून खराब होईल, तूच चालव."

चालवायला अडचण कधीच नव्हती. अडचण होती थांबण्याची. चांदनी म्हणजे खंडवा-भुसावळ रेल्वेमार्गावरचं, नेपानगरला लागून असलेलं गाव. आजूबाजूला सातपुड्याचं जंगल आणि त्यात कोरकू-बारेलांच्या वस्त्या. माझं काम त्या वस्त्यांमध्ये. कुणाची पेन्शन, कुणाच्या खात्यावर आलेले मजुरीचे पैसे. दर थोड्या अंतरावर थांबायचं, आणि तेही कुठे? रस्त्याच्या कडेच्या उतारावर, काळ्या मातीच्या चिखलात, गिट्टीवर. माझी फक्त चवड्यांची टोकं टेकायची. एवढी जड गाडी सरळ उभी असेपर्यंत दोन बोटांवर तोलता येते. पण ती एकदा कलली आणि पायाखालची जमीन त्या बाजूला खोल असली, तर माझ्या वजनाच्या माणसाला ती सावरता येत नाही.

लोक सांगायचे, "सवय करा, एका बाजूला सरकून एकच पाय टेकवा." ते खरं आहे आणि मी ते शिकलेही. पण मागच्या सीटवर अंगठा घेण्याच्या मशीनची बॅग बांधलेली असते आणि पावसाळ्यात डावा पाय नेमका खड्ड्यावर येतो, तेव्हा सवय अपुरी पडते. गाडी बनवताना कारखान्याला कुठलं तरी एक माप धरावं लागतं. ते माप माझं नाही, एवढंच. चष्म्याचा नंबर प्रत्येकाचा वेगळा असतो तसंच हे. म्हणून गाडी खाली उतरवून माझ्या मापाची करून घ्यायची असं मी ठरवलं.

बाबा नेपा मिलमध्ये फिटर होते. देशातला वर्तमानपत्राचा कागद पहिल्यांदा जिथे बनला, 1956 मध्ये पंडित नेहरूंनी जी राष्ट्राला अर्पण केली, तीच ही मिल. सालईचं लाकूड आणि बांबू यांचा लगदा करून तिथे कागद निघायचा. बाबांचं आयुष्य कागदाच्या मशीनचे रोलर एका रेषेत ठेवण्यात गेलं. गाडीची पुढची बाजू उतरवू या असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी आधी पाना हातात घेतला नाही, वही घेतली. "पुढचं खाली घ्यायचं म्हणतेस. मागचं किती घेणार ते आधी सांग."

सगळ्या कामाचं मर्म त्या प्रश्नात होतं. पुढच्या शॉकअपचे पाइप वरच्या आणि खालच्या टीमध्ये, म्हणजे त्यांना धरणाऱ्या आडव्या भागांमध्ये, बोल्टनं आवळलेले असतात. बोल्ट सैल करून पाइप टीमधून वर सरकवले की गाडीचं तोंड खाली येतं. पैसा लागत नाही, काही कापावं लागत नाही. म्हणून बरेच जण एवढंच करतात आणि थांबतात. पण हिमालयनच्या दोन चाकांमधलं अंतर 1465 मिमी आहे. फक्त पुढची बाजू 25 मिमी उतरली, तर अख्खी गाडी जवळपास एक अंश पुढे झुकते. हँडलचा दांडा तेवढा उभा होतो. त्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे भिडते तो बिंदू टायर टेकण्याच्या जागेच्या थोडा पुढे असतो. या अंतराला ट्रेल म्हणतात आणि गाडी सरळ धावते ती त्याच्या जोरावर. दांडा उभा झाला की ट्रेल घटतो. हँडल हलकं वाटतं, वळण पटकन घेतलं जातं, पण वेगात आणि खडबडीत रस्त्यावर गाडी चंचल होते. दोन्ही टोकं सारखी उतरली तर कोन बदलत नाही.

हिमालयनच्या मागच्या शॉकला लिंकेज, म्हणजे जोडपट्ट्यांची रचना आहे. तिथल्या मूळ लिंक प्लेट काढून जरा लांब प्लेट बसवल्या की मागची बाजू उतरते. या प्लेट आम्ही तयार, मशीनवर कापलेल्या मागवल्या. गावात पट्टी कापून, भोकं पाडून देणारे होते, पण बाबांनी साफ नकार दिला. तो तुकडा तुटला तर मागचा भाग बसतो आणि चालवणारा पडतो.

आधी मागचं काम उरकलं. मागच्या एक्सलपासून शेपटीवरच्या खुणेपर्यंतचं माप आधी आणि नंतर घेतलं, माझं वजन गाडीवर असताना. मागची बाजू 23 मिमी उतरली. पाइप तिरके असतात, त्यामुळे ते जितके सरकवावेत त्याच्या साधारण नऊ दशांशच उभी उंची कमी होते. म्हणून बाबांनी वहीत पुढचा आकडा लिहिला : 25 मिमी.

गाडी अंगणातल्या फरशीवर मेन स्टँडला लावली. इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याला लाकडी फळी देऊन जॅक लावला आणि पुढच्या चाकावरचा भार काढला. चाक जमिनीला जेमतेम स्पर्श करत होतं. मागून दोरीनं गाडी खांबाला बांधली. दोन्ही पाइपवर चिकटपट्टीनं मूळ खूण केली. वरच्या टीचे बोल्ट सैल केले, मग खालच्या टीचे. मी जॅक हळूहळू उतरवत गेले, तसे दोन्ही पाइप एकत्र वर आले. बाबा व्हर्नियरनं दोन्हीकडचं माप घेत होते. डावा-उजवा एक मिलिमीटरही इकडे-तिकडे चालत नाही, नाहीतर चाकाचा एक्सल टीला समांतर राहत नाही. मग बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं, टॉर्क रेंच लावूनच आवळले. जोर कमी पडला तर पाइप सरकतो, जास्त झाला तर टी चिरते.

हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. पाइपची वर आलेली टोकं हँडलला लागत नव्हती. ब्रेकचा होज, क्लच केबल, एबीएसची वायर कुठेच ताणली जात नव्हती. एका पाइपवर धूळरोधक रबराला टेकवून केबल टाय बांधला. शॉकअप दबला की तो वर सरकतो आणि किती हालचाल झाली ते दाखवतो. हे महत्त्वाचं, कारण पाइप वर गेले म्हणजे चाकही तेवढंच वर आलं. शॉकअप पूर्ण दबल्यावर टायर वरच्या भागांना घासणार नाही याची खात्री मोजून करावी लागते. मागच्या चाकाचंही तेच. आम्हाला दोन्हीकडे जागा पुरेशी मिळाली, म्हणून 25 वर थांबलो. आणखी खाली नेता आली असती, पण नेली नाही.

गाडी उतरली की सोबत आणखी कामं येतात. साइड स्टँड लांब पडतो. गाडी त्यावर जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानंही उलट्या बाजूला पडू शकते. तो नेपानगरला कापून, वेल्डिंग करून आखूड केला. मेन स्टँडवर चढवायला आता जास्त जोर लागतो, म्हणून मी मागच्या चाकाखाली पातळ फळी ठेवते. चेनचा ताण पुन्हा जुळवावा लागला. जमिनीपासूनची मोकळी उंची 220 मिमी होती, ती दोन सेंटिमीटरहून थोडी जास्त घटली. आता दगडी पायवाटेवर मी वाट निवडून चालवते.

पहिली फेरी रिकाम्या सरळ रस्त्यावर, हळूहळू वेग वाढवत. मग असीरगडच्या बाजूची वळणं. हँडल आधीसारखंच शांत होतं. घरी आल्यावर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासले.

आता माझे दोन्ही चवडे पूर्ण टेकतात, टाच थोडी वर राहते. तेवढं पुरतं. उतारावर थांबून आजीबाईंचा अंगठा मशीनवर घेताना गाडीची चिंता डोक्यात नसते. दिवाळीला दादा आला, तेव्हा मी म्हटलं, "तुझ्यासाठी पुन्हा वर करून देऊ का?" वहीत सगळे आकडे होते, चिकटपट्टीच्या खुणा होत्या, मूळ प्लेट तेल लावून ठेवलेल्या होत्या. तो एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "राहू दे, गाडी तुझी झाली."

ज्या बायका आणि जी माणसं उंचीपायी गाडीला हात लावत नाहीत, त्यांना मी सांगते : गाडी तुमच्या मापाची करता येते, त्यात काही कमीपणा नाही. फक्त पुढचं माप लिहिण्याआधी मागचं लिहा, आणि परत जाता येईल अशाच वाटेनं जा.